वनमालाबाईंची पाचवी लेन

आमची निवांत को-ऑपरेटिव्ह हाउसिंग सोसायटी बोरीवली पूर्वेला हायवेच्या अगदी कडेला आहे. सोसायटीचं नाव ठेवलं तेव्हा हायवेवरून ट्रक गेला की मुलं बघायला खिडकीत धावत. आता ट्रक उभे असतात आणि क्लीनर आमच्या खिडकीत बघतात. पहिल्या मजल्यावरच्या गुप्त्यांकडे आज भाजी कसली आहे, हे गुप्त्यांच्या आधी क्लीनरला कळतं.

म्हणून हायवे रुंद करावा, असे अर्ज आम्ही वर्षानुवर्षं करत आलो. अर्जाची भाषा चोख होती. इंधनाचा अपव्यय, ध्वनिप्रदूषण, ज्येष्ठ नागरिकांचा रक्तदाब, सगळं त्यात होतं. रुंदीकरण समोरच्या बाजूने करावं, एवढं मात्र लिहायचं राहून गेलं. ते इतकं उघड होतं, की लिहावंसं कोणाला वाटलं नाही.

एका सकाळी टेप घेऊन दोन माणसं आली आणि आमच्या पार्किंगच्या मधोमध लाल रेघ मारून मोकळी झाली. आमच्या सेक्रेटरी सुलक्षणा गुप्ते हातातला चहा तसाच घेऊन खाली धावल्या.

"अहो, ही रेघ चुकलीय तुमची."

"मॅडम, रुंदीकरण तुम्हीच मागितलं ना?"

"मागितलं. पण इथे नव्हतं मागितलं."

"मग कुठे?"

सुलक्षणाबाईंनी हायवेच्या पलीकडे बोट दाखवलं. पलीकडच्या सोसायटीतली माणसं गच्चीवर उभी राहून आमच्याकडे बोट दाखवत होती.

तर भिंत मागे सरकली, पार्किंग गेलं आणि हायवेला चाराच्या जागी पाच लेनी झाल्या. पाचवी लेन देखणी होती. काळीभोर, गुळगुळीत, कडेला फूटपाथसाठी ठेवलेली रुंद पट्टी, एक नवाकोरा बसथांबासुद्धा. गणपती झाले तेव्हा काम पूर्ण झालं, आणि काम पूर्ण झाल्यामुळे लेन बंद ठेवण्यात आली. उद्घाटन व्हायचं होतं, आणि प्रमुख पाहुण्यांची तारीख मिळत नव्हती. सुरुवातीला आणि शेवटाला बॅरिकेड लागले. शेजारच्या चार लेनींतली वाहनं दिवसभर जागच्या जागी गुरगुरायची आणि रिकाम्या पाचवीकडे डोळे लावून बसायची.

रिकामी म्हणजे त्यांच्या दृष्टीने. आमच्या दृष्टीने ती भरलेली होती. पट्टीवर आम्ही गाड्या लावायला लागलो. म्हणजे जिथे लावत होतो तिथेच, फक्त खाली आता डांबर होतं. सकाळी तिथे फिरायला जायचं, दुपारी गाद्या उन्हात टाकायच्या, संध्याकाळी बॅडमिंटन. रुंदीकरणाचा जनतेला इतका उपयोग झालेला मी कधी पाहिला नव्हता.

आणि याच लेनीवर चौथ्या मजल्यावरच्या वनमालाबाई नाबर गाडी शिकत होत्या.

त्याचं असं झालं. त्यांचे यजमान अनंतराव इतकी वर्षं स्वतः गाडी चालवत. गाडी लहान, करड्या रंगाची, पण अनंतरावांनी ती अशी जपली की तिच्यावर बसलेला कावळासुद्धा पाय पुसून बसत असावा. यंदा डोळ्यांच्या डॉक्टरांनी त्यांना गाडी चालवायला बंदी केली. अनंतरावांनी निमूटपणे ऐकलं, घरी आले आणि घाटकोपरच्या पुतण्याला, हर्षदला, फोन करून सांगितलं, "दसऱ्याला येऊन गाडी घेऊन जा. मुहूर्त चांगला आहे."

वनमालाबाई तेव्हा भेंडी चिरत होत्या. विळीवरून न उठता म्हणाल्या, "मला विचारलंत?"

"तुला काय विचारायचं? तुला चालवता येत नाही."

"शिकेन की."

"या वयात?"

"तुम्हाला या वयात येत नाहीसं झालं, मला या वयात यायला लागेल. घरात हिशेब सारखाच."

वनमालाबाईंची अख्खी नोकरी रेशनिंग ऑफिसच्या खिडकीवर झाली होती. त्यांच्याशी वाद घालून कोणी जिंकल्याचं ऐकिवात नव्हतं. अनंतराव फक्त एवढंच म्हणाले, "ठीक आहे. दसऱ्यापर्यंत हायवेवर गाडी चालवून दाखव. गाडी इथेच राहील. बंद लेनीत नाही हां. तिथे काय, सोसायटीचा वॉचमनसुद्धा चालवेल. खऱ्या हायवेवर."

हे त्यांनी मला सांगितलं, वनमालाबाईंनीही सांगितलं, आणि सुलक्षणाबाईंना कळल्यामुळे पुढे कोणी कोणाला सांगायची गरज उरली नाही.

शिकाऊ लायसन्स आलं. शिकवायला दत्ताराम परब तयार झाला. दत्ताराम तिसऱ्या मजल्यावरचा, मूळ वेंगुर्ल्याकडचा, आयुष्यभर बस चालवून निवृत्त झालेला. "वयनी, डबल डेकर खेळवलीय मी, डबल डेकर! ही तर आमच्या बसच्या डिकीत मावात," असं तो पहिल्या दिवशी म्हणाला. बसला डिकी नसते, हे त्याला कोणी सांगितलं नाही.

दत्तारामने वनमालाबाईंना गाडी शिकवली नाही, बस शिकवली. त्या वळण असं घ्यायच्या, की मागे आणखी दोन खोल्यांचा ब्लॉक जोडलेला असावा. नव्या बसथांब्याशी गाडी थांबवायच्याच, आणि दत्तारामने घराच्या किल्लीने काचेवर टणटण असं दोनदा वाजवलं नाही, तोवर हलायच्या नाहीत. थांब्यावर बसून पेपर वाचणाऱ्या मला आधी वाटायचं त्या माझी विचारपूस करायला थांबतात.

बाकी हात बसला होता. पण लेनीच्या टोकाशी बॅरिकेड दिसला, पलीकडची ती गुरगुरणारी गर्दी दिसली, की वनमालाबाईंचा पाय आपोआप ब्रेकवर जायचा.

"दत्ताराम, आज नको. उद्या जाऊ पलीकडे."

"उद्या, वयनी. उद्या शंभर टक्के."

मला वाटतं, त्या 'उद्या'त वनमालाबाईंपेक्षा दत्तारामला जास्त समाधान मिळत होतं. पण तेव्हा ते लक्षात आलं नाही.

असे उद्या करता करता दसरा आला.

दसऱ्याला सोसायटीतल्या सगळ्या वाहनांची पूजा एकत्र करायची, ही आमची जुनी पद्धत. पार्किंग नव्हतं, म्हणून यंदा पूजा पाचव्या लेनीवर ठरली. सुलक्षणाबाईंना कार्यक्रम छोटा करता येत नाही. त्यांनी लेनीच्या तोंडाशी रांगोळी काढायला घेतली, रांगोळीत बॅरिकेड येत होते म्हणून ते बाजूला सरकवले, मग तिथे फार ओकंबोकं दिसतंय म्हणून दोन खांबांच्या मध्ये झेंडूचं भलंमोठं तोरण बांधलं. स्पीकर तर होताच.

पहिला मान नाबरांच्या गाडीचा. ती आज जायची होती. हर्षद घाटकोपरहून रिक्षाने निघाला होता. गाडी घेऊन परत जायचं, तर येताना रिक्षाच बरी. वनमालाबाईंनी गाडी स्वतः धुतली होती. बॉनेटवर हळदीकुंकवाचं स्वस्तिक, चाकांखाली लिंबं, पुढे झेंडूची माळ. माळ इतकी जाड होती की तिच्याखाली शिकाऊ लायसन्सचा लाल 'एल' पार झाकला गेला.

"अनंत, तुमची हरकत नसेल तर एक शेवटची फेरी मारते," असं काही वनमालाबाई म्हणाल्या नाहीत. त्या पिढीतल्या बायका नवऱ्याला नावाने हाक मारत नाहीत आणि वनमालाबाई हरकत विचारत नाहीत. त्या सरळ ड्रायव्हरच्या जागी बसल्या आणि म्हणाल्या, "चला. बसा मागे. थाळी घ्या हातात."

अनंतराव पूजेची थाळी घेऊन मागे बसले. दत्ताराम पुढे. मग सुलक्षणाबाईंना आठवलं, की शुभकार्याला तिघांनी जाऊ नये. त्यांनी इकडेतिकडे पाहिलं आणि बिनकामाचा माणूस म्हणून मला अनंतरावांच्या शेजारी कोंबलं. मग स्वतः नारळ घेतला, माइक घेतला, आणि सगळ्या हायवेला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाल्या, "गणपतीबाप्पा..."

"मोरया!" सोसायटी ओरडली.

नारळ एका फटक्यात फुटला. टाळ्या झाल्या. लिंबं चिरडत आमची गाडी तोरणाखालून निघाली.

आता शेजारच्या चौथ्या लेनीतल्या माणसाचा विचार करा. सणाचा दिवस, हायवे ठप्प, तो कधीचा एकाच जागी उभा आहे. त्याच्या डोळ्यांसमोर बॅरिकेड सरकले, रांगोळी निघाली, तोरण लागलं, स्पीकरवर बाई बोलल्या, नारळ फुटला, टाळ्या वाजल्या आणि फुलांनी मढलेली गाडी नव्या लेनीतून निघाली. आपल्याकडे उद्घाटनाला याहून अधिक काय लागतं? सगळ्यांत पुढच्या रिक्षावाल्याने कोणाला काही विचारलं नाही. हँडल फिरवलं आणि तोरणाखाली घुसला. त्याच्या मागे टॅक्सी, तिच्या मागे दुधाचा टेम्पो, आणि मग मोजणं सोडून द्यावं इतकं काही.

पुढे या लेनीचं रीतसर उद्घाटनही झालं. उद्घाटन करायचं तर लेन बंद असायला हवी, म्हणून ती एक दिवस बंद केली. त्या दिवशी झालेल्या कोंडीत प्रमुख पाहुणे अडकले. पण ते नंतर.

इकडे वनमालाबाई नेहमीच्या शिस्तीत पहिल्यावरून दुसऱ्यावर आल्या. मी सहज मागे वळून पाहिलं.

"अनंतराव," मी म्हटलं, "आपल्यामागे कोणीतरी येतंय."

"कोण?"

"मुंबई."

अनंतरावांनी वळून पाहिलं. थाळीतल्या निरांजनावर दोन्ही हात धरले. "वनमाला, थांब! बाजूला घे! थांब!"

"थांबू नकात, वयनी!" दत्ताराम ओरडला. "थांबलात तर घुसतीत मागसून!"

"एकाने काय ते सांगा," वनमालाबाई म्हणाल्या. तेवढ्यात बसथांबा आला. त्यांचा पाय सवयीने ब्रेकवर गेला आणि गाडी अगदी थांब्याला लागून उभी राहिली. मागचा लोंढा हॉर्न देत उजवीकडून सुटला. थांब्यावर पिशवी घेऊन उभ्या असलेल्या बाईंनी वाकून आत पाहिलं.

"गोरेगाव?"

"नाही हो बाई," अनंतराव थाळी सांभाळत म्हणाले, "ही प्रायव्हेट आहे."

"मग थांबवता कशाला?" बाई फणकारल्या. बरोबरच होतं.

परत फिरायला जागा नव्हती. उतरून चालत जावं, तर पूजा केलेली गाडी रस्त्यात कशी सोडायची? म्हणजे आता पुढेच जायचं होतं. वनमालाबाईंनी डोळे मिटले, उघडले. दत्तारामकडे पाहिलं. दत्तारामने किल्ली काढली आणि काचेवर टणटण केलं. गाडी निघाली.

लेनीच्या शेवटी दुसरा बॅरिकेड होता, दोरी बांधलेला, आणि एक रखवालदार. वाहनांचा तांडा येताना दिसला आणि त्यात झेंडूने मढलेली एक संथ चालीची गाडी, मागच्या सीटवर थाळी धरून बसलेले गंभीर चेहऱ्याचे पांढऱ्या केसांचे गृहस्थ. त्याने लगबगीने दोरी सोडली, बॅरिकेड ओढला आणि कडक सलाम ठोकला. अनंतराव सज्जन माणूस. हात गुंतलेले, म्हणून त्यांनी मान लववली. रखवालदाराची खात्रीच पटली.

पण खरी गंमत त्याच्या पुढे होती. तिथे नाल्यावरचा पूल आहे. पूल रुंद केलेला नव्हता. ते काम दुसऱ्या खात्याचं. त्यामुळे पाच लेनींनी मोठ्या थाटात येऊन पुन्हा चार व्हायचं होतं. आमची पाचवी संपत होती आणि डाव्या कठड्याच्या आधी उजवीकडे घुसायचं होतं. उजवीकडे एक सिमेंटचा ट्रक आणि त्याला चिकटून भाजीचा टेम्पो. मध्ये जागा पेपरच्या घडीएवढी.

"दत्ताराम, आता काय करू?"

दत्तारामने दोन्ही हातांनी डॅशबोर्ड धरला.

"दत्ताराम?"

"वयनी," दत्ताराम खिडकीतून ट्रकच्या चाकाकडे पाहत बारीक आवाजात म्हणाला, "बसमधून ट्रक खाली दिसायचो. हयसून तो वर दिसता." आणि त्याने डोळे गच्च मिटून घेतले. "रवळनाथा, सांभाळ रे बाबा!"

"अरे, तू शिकवणार होतास ना मला?"

"बस असती तर शिकवलं असतं!"

अनंतराव मागून पुढे झुकले. इतकी वर्षं याच पुलावर ते याच टेम्पोंशी झुंजले होते. "क्लच दाब. थोडी डावीकडे... नाही, उजवीकडे... तू उतर, मी घेतो."

"तुम्हाला दिसतंय का तो टेम्पो?"

अनंतरावांनी डोळे बारीक केले. "...कुठला टेम्पो?"

"मग बसा मागे."

वनमालाबाईंनी काच खाली केली. खिडकीबाहेर हात काढला, हिरव्या बांगड्यांसकट, आणि तळवा टेम्पोसमोर धरला. रेशनिंग ऑफिसात खिडकी बंद व्हायच्या वेळी साखरेसाठी धक्काबुक्की करणारी माणसं ज्या नजरेने गप्प व्हायची, ती नजर त्यांनी टेम्पोवाल्यावर लावली.

"ए! लाइन आहे ना इथे?"

"काय?" टेम्पोवाला गोंधळला. हायवेवर त्याला आजवर शिव्या मिळाल्या होत्या, प्रश्न कोणी विचारला नव्हता.

"एक तिकडची, एक इकडची. तुझ्यापुढचा ट्रक तिकडचा गेला. आता कोणाचा नंबर?"

टेम्पोवाल्याने ट्रककडे पाहिलं, आमच्याकडे पाहिलं. "...तुमचा."

"मग?"

"पण आजी, चालवा ना मग लवकर!"

"आजी कोणाला म्हणतोस रे? मिशी पिकलीय तुझी. थांब तिथेच."

टेम्पो थांबला. वनमालाबाईंनी क्लच सोडला. गाडी एक लहानसा आचका देऊन पुढे झाली आणि ट्रकच्या मागे, चौथ्या लेनीत, खऱ्या हायवेवर आली. आमच्या मागे टेम्पो, टेम्पोमागे पाचवीतली रिक्षा, तिच्यामागे चौथीतली मोटार. जोवर आम्ही पुलावर होतो, तोवर तो नियम पाळला जात होता. नंतरचं सांगता येत नाही.

दत्तारामने एक डोळा उघडला. "झालां?"

"झालं," वनमालाबाई म्हणाल्या. "तिसरा टाकू का?"

"टाका. मी सांगणारच होतंय."

दिंडोशीच्या आसपास अनंतरावांचा फोन वाजला. हर्षद होता. फोन स्पीकरवर लागला, कारण थाळी धरून दुसरं काही जमत नव्हतं.

"काका, मी अडकलोय यार, गोरेगावच्या पुढे. वाट लागलीय नुसती. तुमच्या साइडला काहीतरी उद्घाटन होतं म्हणतात, बघायला इकडचे पण सगळे स्लो झालेत. गाडी रेडी आहे ना?"

"आहे," अनंतराव म्हणाले.

"खाली काढून ठेवा ना. आणि हे काय... काका, समोरून सेम तुमच्यासारखी गाडी येतेय. झेंडूबिंडू लावून. मागे एक म्हातारा थाळी घेऊन बसलाय बघा, काय एकेक नग असतात..."

मधल्या दुभाजकापलीकडच्या रिक्षातून एक डोकं बाहेर आलं. तोंड उघडं होतं.

"काकू?"

"हर्षद," वनमालाबाई नजर रस्त्यावरून न हलवता फोनकडे तोंड करून म्हणाल्या, "रिक्षा वळव आणि घरी जा. आम्ही तुझ्याकडेच येतोय. जेवायला चौघं आहोत, बायकोला सांग."

"अगं पण गाडी..."

"गाडी घेऊनच येतोय ना. ठेव आता. ड्रायव्हिंग करताना बोलू नये."

अनंतरावांनी थाळी मांडीवर ठेवली आणि पाठ सीटला टेकली. आरशात वनमालाबाईंनी ते पाहिलं.

जोगेश्वरीला डावीकडे वळताना त्यांनी असं भव्य वळण घेतलं, की दोन मोटारसायकलवाले आदराने थांबले. मग पवई आली, तलावाकडचा वारा आला, रस्ता जरा मोकळा झाला. मी शेजारी पाहिलं, तर अनंतराव झोपले होते. दुसऱ्याने चालवलेल्या गाडीत हा माणूस उभ्या आयुष्यात कधी झोपलेला नाही. लेकीच्या लग्नाहून परतताना भाचा चालवत होता, तेव्हा रात्रभर मागून "ब्रेक, ब्रेक" करत जागा होता. मी त्यांच्या मांडीवरची थाळी अलगद काढून माझ्याकडे घेतली.

"झोपले?" वनमालाबाईंनी विचारलं.

"झोपले."

"बरं," त्या म्हणाल्या, आणि एका खड्ड्याला हळूच वळसा घातला.

घाटकोपरला हर्षदच्या बिल्डिंगच्या फाटकात तो उभाच होता. आमच्या आधी पोचला होता. रिक्षावाल्याला गल्ल्या ठाऊक होत्या आणि प्रत्येक बसथांब्याशी थांबायचं नव्हतं. वनमालाबाई उतरल्या, निऱ्या झटकल्या. अनंतरावही डोळे चोळत उतरले. हर्षदने सवयीने हात पुढे केला. किल्लीसाठी.

वनमालाबाईंनी अनंतरावांकडे पाहिलं. फक्त पाहिलं.

अनंतरावांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला आणि पुतण्याला म्हणाले, "हात पुढे केलायस, तर सोनं घे काकूकडून. गाडी हिला लागते."

वनमालाबाईंनी माझ्या हातातल्या थाळीतून आपट्याची पानं उचलली आणि हर्षदच्या पुढे केलेल्या हातावर ठेवली. "सोन्यासारखा राहा. आणि मला सावलीत गाडी लावायला जागा दाखव. अंधाराच्या आत बोरीवली गाठायचीय."

हर्षदने दाखवली. गाडी लागली. किल्ली त्यांनी कमरेला खोचली आणि जिना चढायला लागल्या.